बेस गिटार: बोटं सोडून पिकने वाजवायला शिकताना

बोटांनी बेस वाजवणाऱ्याने पिक (तार छेडायची लहान चकती) हातात घेतलं की त्याला वाटतं, अडचण उजव्या हाताच्या फटक्याची आहे. फटका थोड्या दिवसांत बसतो. खरी अडचण निराळीच असते. बोटाने तार ओढली की ते बोट पुढे जाऊन शेजारच्या जाड तारेवर टेकतं आणि ती तार गप्प बसते. अंगठा सगळ्यात जाड अशा ई तारेवर ठेवायची सवय असेल तर तीही दबलेली राहते. तीच तार पुन्हा छेडायला दुसरं बोट आलं की आधीचा सूर त्या स्पर्शानेच तुटतो. हे सगळं नकळत होत असतं. पिक घेतलं की यातलं काहीच होत नाही: चार तारांपैकी (जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी) एक वाजते आणि उरलेल्या तीन मोकळ्या घुमत राहतात. म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवा: आधी न वाजणाऱ्या तारा गप्प करणं, मग एका तारेवरून दुसरीवर जाणं, आणि वेग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि महिन्याभरात पिक खिशात टाकून परत बोटांवर येतात.

पिकची गरज कुठे पडते, हे नागपुरात वाजवणाऱ्याला मंचावर लगेच कळतं. १४ एप्रिलच्या आसपास वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम असतात, पुढे लग्नसराई, मग गणपतीतले ऑर्केस्ट्रा. मंच उघड्यावर, दोन्ही बाजूंना स्पीकर रचलेले. ढोलकचा बायाँ (खर्जाची बाजू), ऑक्टापॅडची (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडची) किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात हे तिघं खालच्या पट्टीत एकाच जागी गर्दी करतात. खुल्या ई तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा, ए तारेचा ५५ हर्ट्झचा. उघड्या मैदानात हा खालचा आवाज परतवायला भिंती नसतात, तो विरून जातो. बोटांचा मऊ सूर नेमका कुठे सुरू झाला ते कळत नाही. पिकच्या फटक्यात वरच्या पट्टीतला, म्हणजे हजार-दोन हजार हर्ट्झच्या पुढचा अंश जास्त असतो, आणि कान सुराची सुरुवात त्याच अंशावरून ओळखतो. त्यामुळे आवाज न वाढवताही बेस पुढे येतो. याउलट संथ गझल, भावगीत, किंवा सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या बंद जागेतला हळुवार कार्यक्रम असेल, तर बोटांनीच वाजवावं असं माझं स्पष्ट मत आहे. पिक शिकायचं म्हणजे बोटं विसरायची नाहीत.

कोणतं पिक

०.७३ ते १.० मिलिमीटर जाडीचं घ्या. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकमध्ये रंगावरून जाडी ओळखता येते: नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४. बोटांवरून येणाऱ्याने हिरव्यापासून सुरुवात करावी. सीताबर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात गेलात की एकाच जाडीची चार-पाच घ्या, कारण ती हरवतातही आणि झिजतातही.

पातळ पिक जाड तारेवर आधी वाकतं आणि मग सुटतं. त्यामुळे सूर किंचित उशिरा येतो आणि सोबत प्लॅस्टिकची टकटक ऐकू येते. फार जाड, दीड मिलिमीटरच्या पुढचं पिक अजिबात वाकत नाही. ते कोनात चूक झाली की तारेत अडकतं, म्हणून नवशिक्याचा हात त्यावर आखडतो. सवय झाल्यावर मात्र ते छान भरीव वाजतं.

आकार मोठा त्रिकोणी असेल तर पकड सोपी जाते आणि तिन्ही कोपरे वापरता येतात. नेहमीच्या आकाराचं पिक असेल तर एक युक्ती आहे: टोकाऐवजी वरचा गोल खांदा तारेकडे करून धरा. टोकदारपणा कमी होऊन आवाज बोटांच्या बराच जवळ जातो. बँडमधल्या इतरांना अचानक बदललेला आवाज खटकत असेल तर पहिले काही कार्यक्रम असेच वाजवावेत. नायलॉनचं पिकही टॉर्टेक्सपेक्षा थोडं मऊ वाजतं.

पकड आणि कोन

उजव्या हाताची चारही बोटं सैल आत वळवा, पण मूठ आवळू नका. तर्जनीच्या टोकाजवळच्या सांध्याच्या कडेवर पिक आडवं ठेवा आणि वरून अंगठ्याचा पेर सपाट टेकवा. तर्जनीच्या मऊ टोकावर पिक ठेवलं तर ते फिरतं. कडेवर हाड जवळ असल्याने ते टिकतं. टोक ४ ते ५ मिलिमीटर बाहेर असावं. तारेत मात्र ते दोनच मिलिमीटर जाऊ द्या. सुरुवातीच्या बहुतेक तक्रारी खोलीमुळे येतात: पिक अडकणं, पिकगार्डवर खरडणं, मनगट दमणं, आवाज फुटणं. पिक जितकं खोल जाईल तितकी तार बाहेर ओढली जाते आणि सुटताना फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटते.

कोनाबाबत लीड गिटारवाल्याचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. गिटारवर पिक बरंच तिरकं धरतात, त्याने वेग मिळतो. बेसच्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारांवरचा वेटोळा जाड असतो. तिरकं पिक त्यावर घासतं आणि प्रत्येक सुराआधी खरखर उठते. पिक तारेला जवळजवळ समांतर ठेवा आणि पुढची कड जेमतेम दहा-पंधरा अंश खाली झुकवा. खरखर आली तर सरळ करा, अडकलं तर थोडं झुकवा. एवढ्याशा फरकात अर्धा आवाज ठरतो, म्हणून हे अँप लावून, नीट ऐकत करा.

पकड किती घट्ट? पिक पडणार नाही इतकीच. हात पाण्यातून काढून पाणी झटकतो तेव्हा मनगट जसं सैल असतं, तसं ते प्रत्येक फटक्याला असावं. कोपर जवळजवळ स्थिर, पुढचा हात (कोपर ते मनगट) बेसच्या वरच्या कडेवर टेकलेला. हालचाल मनगटातून, दोन-तीन सेंटिमीटरची. पट्टा फार वर असेल तर मनगट बाहेर वळतं आणि तळहात ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथे) बसतच नाही. तो चार-पाच सेंटिमीटर खाली घेऊन बघा. बसून सराव करतानाही पट्टा लावावा, म्हणजे उभं राहिल्यावर सगळा कोन बदलणार नाही.

तारा गप्प करणं

या भागाला पहिले दोन आठवडे द्या, नवं गाणं घेऊ नका.

तळहाताची करंगळीकडची कड, मनगटाच्या अगदी जवळची, ब्रिजच्या सॅडलवर (तार ज्यावर टेकते त्या तुकड्यावर) टेकवा. तिचा बराचसा भाग धातूवर आणि थोडासा तारांवर असावा. आता ई तार वाजवा. सूर पूर्ण घुमला तर हात मागे आहे. 'ठक' असा नुसता ठोका आला आणि सूर ओळखूच आला नाही तर हात फार पुढे आहे. मधली जागा शोधा: सूर ओळखू येतो, पण एक-दीड मात्रेत मावळतो. सॅडलपासून एक सेंटिमीटर पुढे-मागे सरकण्यात हा सगळा फरक आहे. दर वेळी बसायच्या आधी ही जागा पुन्हा शोधा, चार दिवसांत हात आपोआप तिथे जाऊ लागतो.

आता कामाची वाटणी. साधा नियम असा: वाजणाऱ्या तारेपेक्षा जाड असलेल्या तारा उजव्या तळहाताच्या, आणि बारीक असलेल्या तारा डाव्या हाताच्या. ई वाजवताना ए, डी, जी या तिन्ही डाव्या हाताच्या बोटांच्या पोटाखाली हलक्या टेकलेल्या हव्यात. त्यासाठी डावी बोटं कमानीसारखी उभी न ठेवता थोडी पसरट ठेवावी लागतात. गिटार शिकवणारे नेमकं उलटं सांगतात, पण इथे पसरट बोटंच हवीत. ए वाजवताना ई वर तळहाताची कड असते, शिवाय डाव्या तर्जनीचं टोक किंचित वर सरकवून ई तारेच्या कडेला लावता येतं. जी वाजवताना तळहात ई, ए वर आणि डी साठी तर्जनीचं टोक. पाच तारांच्या बेसवर बी तार, सुमारे ३१ हर्ट्झची, सगळ्यात आधी घुमते. तिथे तळहात तिच्यावर कायम हवा.

वाटणी बसली की नाही हे तपासायला एक नेमकी चाचणी आहे. अँपचा आवाज मोठा करा. डी तारेचा दुसरा फ्रेट वाजवा. तो ई सूर आहे, ८२ हर्ट्झचा, म्हणजे खुल्या ई तारेच्या दुप्पट. एक सेकंद वाजू द्या आणि डावं बोट सैल करून सूर थांबवा. मागे मंद गुणगुण उरली तर ती खुली ई तार आपोआप कंप पावते आहे. तळहात तिच्यावर नाही. मग जी तारेचा दुसरा फ्रेट, हा ए सूर, त्याने खुली ए तार जागी होते. दोन्ही चाचण्यांत संपूर्ण शांतता मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. मंचावर हीच गुणगुण आठ-दहा सुरांची साचते, आणि मग साउंडवाला बेसचा खालचा भाग कापून टाकतो. तक्रार त्याच्याकडे न्यायच्या आधी आपला तळहात बघावा.

सुराची लांबीही आता डाव्या हाताने ठरते. आखूड सूर हवा असेल तर दाब सोडा, पण बोट तारेवरून उचलू नका. उचललं की खुली तार बोलते. खुल्या तारांचे सूर तळहाताने थांबवा. खुल्या ए वर सुरू होणाऱ्या चाली पिकने वाजवताना बहुतेक जण इथेच घसरतात, म्हणून सवय होईपर्यंत शक्य तिथे ए ऐवजी ई तारेचा पाचवा फ्रेट घ्या.

ज्याला गोल, लवकर मावळणारा सूर सतत हवा आहे त्याने फोमची पट्टी वापरावी. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत १९६० च्या दशकात पिकने वाजवणाऱ्या कॅरल के ब्रिजजवळ तारांवर फेल्टची घडी लावत असत. त्या आवाजाची गंमत पिकइतकीच त्या फेल्टमध्ये आहे. आपल्याकडे पॅकिंगचा मऊ फोम चालतो. ब्रिजपाशी चार तारांची रुंदी साधारण ५७ मिलिमीटर असते, म्हणून पट्टी ७ ते ८ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद कापा, आणि तारा व बॉडी यांच्या फटीत ब्रिजला लागून बसवा. पट्टीने तारांना खालून हलका स्पर्श करावा, त्या वर ढकलू नयेत. ढकलल्या तर सूर चढतो.

दा आणि रा

सरोदवादक जव्याच्या (सरोदच्या पिकच्या) खाली येणाऱ्या फटक्याला 'दा' आणि वर जाणाऱ्या फटक्याला 'रा' म्हणतात. तेच बोल इथे वापरू, लिहायला आणि तोंडाने म्हणायला सोयीचे पडतात.

तारा गप्प करणं जमल्यावरचा पहिला आठवडा फक्त दा. खुल्या तारा नकोत; ई तारेचा पाचवा फ्रेट धरा, मेट्रोनोम (ठरावीक लयीत टोले देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, प्रत्येक टोल्यावर दोन दा. पाच मिनिटं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका: सगळे सूर सारख्या जोराचे आहेत का? दुसऱ्या आठवड्यात दा-रा. इथे ऐकू येईल की रा पातळ आणि हलका येतो. कारण दोन आहेत. वर येताना पिकचा कोन तारेशी बदलतो, आणि गुरुत्वाकर्षणही हाताच्या विरुद्ध असतं. उपाय जोर वाढवणं नाही. मनगट किंचित बाहेर वळवून पिक दोन्ही दिशांना सारखं टेकेल असं करा, मग दहा मिनिटं फक्त रा वाजवा, सगळे. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

यानंतर मेट्रोनोमऐवजी ठेका लावा. तबल्याचं कोणतंही ॲप चालेल, प्रत्येक मात्रेला एक फटका. केरव्यात आठ मात्रा आहेत: धा गे ना ति न क धि ना. पहिली आणि पाचवी, दोन्ही दा वर पडतात, सगळं सरळ. दादऱ्यात सहा मात्रा: सम, म्हणजे पहिली मात्रा, दा वर, पण चौथी मात्रा, म्हणजे काल (खाली), रा वर येते. त्यामुळे ठेक्याचा उतार हातातही जाणवतो. पण गाण्यात चौथ्या मात्रेवर ठाम सूर हवा असेल तर सलग दा-रा सोडा आणि दा रा दा, दा रा दा असं वाजवा. मध्ये दोन दा लागोपाठ येतात, वेग थोडा कमी होतो, पण वजन योग्य जागी पडतं. आणि रूपक: ती ती ना धी ना धी ना, सात मात्रा. सात विषम असल्याने पहिल्या आवर्तनाची सुरुवात दा ने झाली तर दुसऱ्याची रा ने होते. समेवरचा फटका दर आवर्तनाला पालटतो. दा आणि रा एकसारखे वाजतात का याची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐका. कोणतं आवर्तन रा ने सुरू झालं ते ओळखू आलं, तर अजून काम बाकी आहे.

एक गोष्ट ठेक्यासोबतच अंगी बाणवा: हात थांबवू नका. केरव्यात सूर १, ४, ५ आणि ७ या मात्रांवर असतील तर फटके दा, रा, दा, दा असे येतात, आणि मधल्या मात्रांना हात तारेला न लागता हवेत फिरतो. सूर नाही म्हणून हात थांबवला की पुढचा फटका कोणता हे डोक्याने ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात लय निसटते.

एका तारेवरून दुसरीवर

गिटारवर ब्रिजपाशी दोन तारांत साधारण साडेदहा मिलिमीटर अंतर असतं, बेसवर १९. म्हणून नुसतं मनगट वळवून भागत नाही; पुढचा हात कोपरापासून थोडा सरकतो आणि तळहाताची कडही सोबत सरकते. बोटांवरून आलेल्याला हे विचित्र वाटतं, कारण त्याचा हात एका जागी टेकलेला असायचा आणि फक्त बोटं पोहोचायची. करंगळी पिकगार्डवर रोवून ठेवण्याचा मोह होतो. ठेवली तर जी तारेवर पोहोचताना मनगट वाकतं आणि तळहात ई तारेवरून सुटतो. करंगळी हलकी घासू द्या, रोवू नका.

ए आणि डी या दोन तारा घ्या. बाहेरची उडी: ए वर दा, डी वर रा. दोन्ही फटके जोडीच्या बाहेरून सुरू होऊन मधल्या फटीत संपतात. आतली उडी: ए वर रा, डी वर दा. दोन्ही फटके मधल्या फटीतून सुरू होतात, म्हणून पिकला दर वेळी तार ओलांडून त्या फटीत परत शिरावं लागतं. आतली उडी बहुतेकांना अवघड जाते. मेट्रोनोम ५० वर, टोल्याला दोन सूर, प्रत्येक प्रकार तीन मिनिटं. पिक शेजारच्या तारेला लागलं तर वेग कमी करू नका, आधी खोली कमी करा. बहुतेक वेळा तेच कारण असतं.

मग तार सोडून उडी. ई तारेचा तिसरा फ्रेट आणि डी तारेचा पाचवा, दोन्ही जी सूर, एका सप्तकाच्या अंतराने. लग्नातल्या नाचाच्या गाण्यांत ही चाल पदोपदी लागते. मधली ए तार डाव्या तर्जनीच्या पोटाखाली दबलेली हवी. दबली असेल तर पिक चुकून तिला लागलं तरी नुसता 'टक' होतो आणि तो तालात खपून जातो. मोकळी असेल तर भलताच सूर सगळ्यांना ऐकू येतो.

वेग

वेगाचं गणित आधी डोळ्यांसमोर ठेवा. १४० च्या लयीत टोल्याला दोन, सगळे दा, म्हणजे सेकंदाला साडेचारांहून थोडे जास्त फटके. १८० वर सेकंदाला सहा. बरेचसे पंक आणि मेटल बेसवादक हे सलग दा ने वाजवतात, कारण प्रत्येक सुराला सारखं वजन मिळतं. दा-रा ने तीच चाल सोपी होते, पण थोडी हलकी वाजते. कोणतं हवं ते गाण्यावरून ठरवा, हाताच्या आळसावरून नाही.

९० पासून सुरुवात करा, दोन मिनिटं न थांबता, मग चार-चार ने वाढवा. पुढच्या हातात जळजळ सुरू झाली की थांबा आणि आठ खाली या. जळजळ बहुतेक वेळा पकड आवळल्याची खूण असते. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात टोचणारं दुखणं आलं तर त्या दिवशी पिक ठेवून द्या; ते दुखणं रेटून जात नाही. दुसरा धोका धावण्याचा. पिकचा फटका टोकदार असल्याने अर्ध्या क्षणाची घाईही ऐकू येते, बोटांच्या मऊ सुरात ती झाकली जायची. ऑक्टापॅडवाल्यासोबत बसून फक्त किक आणि बेस असा अर्धा तास सराव केला तर हे सगळ्यात लवकर सुधारतं.

बेस आणि अँप

पिकचा फटका तारेला जोरात हलवतो, तेव्हा बेसची मांडणी एकदा बघून घ्या. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट हवी. ट्रस रॉड (गळ्याचा बाक बदलणारी आतली सळी) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि जी खाली २ मिलिमीटरच्या आसपास. खडखड होत असेल तर आधी फटका हलका करा, उंची नंतर वाढवा. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर पिकची टकटक मोठी होते. तो थोडा खाली घ्या. तार सुरात लावताना ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने छेडा. जोरदार फटक्यात ई तार सुरुवातीला किंचित चढी वाजते.

टोनची कळ अर्ध्यावर आणा. टकटक उरली तर अँपवर दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास कमी करा. कंप्रेसर (आवाजाचे चढ-उतार दाबणारं यंत्र) असेल तर प्रमाण ४ ला १, अटॅक, म्हणजे दाबणं सुरू होण्याचा वेळ, २० मिलिसेकंद. अटॅक फार कमी केला की पिकचा फटकाच कापला जातो, आणि मग पिक घेऊन उपयोग काय? फटका कुठे मारता यावरही आवाज बदलतो: ब्रिजकडे कडक, गळ्याकडे जाड. कळा फिरवण्याआधी हात सरकवून बघा.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री नऊला मंचावर चढलं तरी बोटं घामेजलेली असतात. पिक फिरू लागलं की वादक ते आवळतो, आवळलं की मनगट आखडतं, आणि तिसऱ्या गाण्यात हात जड होतो. यावर ४०० नंबरचा सँडपेपर कामाला येतो: पिकच्या दोन्ही बाजू, अंगठा टेकतो तेवढाच भाग, खरबरीत करा. टोकाला हात लावू नका. मधोमध सहा मिलिमीटरचं भोक पाडलं तरी पकड सुधारते, बोटं आणि अंगठा त्यातून एकमेकांना लागतात. दोन-तीन पिकं माइकच्या स्टँडवर चिकटपट्टीच्या कडेत अडकवून ठेवा. पडलेलं उचलायला वाकू नका.

कूलरसमोर बेस ठेवणं टाळा. ओल्या हवेने तारांवर गंज लवकर चढतो आणि गंजलेल्या तारेवर पिक आणखी खरखरतं. शिवाय सुकी हवा आणि कूलरची ओल यांच्या येरझाऱ्यात गळ्याचा बाक बदलतो. सराव संपला की कोरड्या सुती फडक्याने चारही तारा खालून-वरून पुसा. पिकची कडही बघत जा. राउंडवाउंड तारा तिला तिरकी घासून टाकतात. तशी झाली की कोपरा फिरवा किंवा सँडपेपरने गोल करा.

एकाच कार्यक्रमात पिक आणि बोटं

गाण्याच्या मधेच बोटांवर यायचं असेल तर पिक कुठे ठेवायचं हे आधी ठरवा. दातांत धरलं तर गाता येत नाही. सोपी जागा म्हणजे तर्जनीच्या मधल्या सांध्याची घडी: पिक सरकवून तिथे चिमटीत धरा आणि मधलं बोट व अनामिका यांनी वाजवा. अनामिका सुरुवातीला मागे पडते, तेव्हा संथ अंतऱ्यापुरतंच हे वापरा. एक-दोन ओळीच बोटांनी हव्या असतील तर पिक तळहातात दाबून नुसत्या अंगठ्याने वाजवा, तळहात ब्रिजवर तसाच राहतो आणि आवाज मऊ होतो. बदलाला चार मात्रा मोकळ्या लागतात, म्हणून शेवटच्या सुराला लांब ठेवा किंवा त्या जागी ढोलकवाल्याला तुकडा घ्यायला सांगा. सरावात हा बदल वेगळा काढून केरव्यावर करा: दोन आवर्तनं पिक, एक आवर्तन बोटं, पुन्हा दोन पिक. पिक परत टोकावर येताना ते उलटं-तिरकं येतं. पहिल्या दा च्या आधी अंगठ्याने ते सरळ करायला अर्धी मात्रा राखून ठेवा.